बाकीचं दुपारी

बायको गेल्याचं त्याला कळलं तेव्हा तो रद्दीच्या दुकानात वजनकाटा उघडून बसला होता. मंगळवार होता, दुपारचे सव्वातीन वाजले होते. फोन तिच्याच नंबरवरून आला, म्हणून त्याने नेहमीसारखं नुसतं "बोल" म्हटलं. पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

"या फोनमध्ये एक नंबर 'अहो' नावाने आहे. तुम्हीच का ते?"

"मीच."

तो माणूस दुसऱ्या शहरातल्या बसस्थानकावरचा, चौकशीच्या खिडकीवरचा कारकून होता. बाई बाकावर बसल्या होत्या, बसल्या बसल्या कलंडल्या, दवाखान्यात नेलंय, असं त्याने सांगितलं.

"बरी आहे ना?"

कारकून म्हणाला, "तुम्ही या. लगेच या."

तेव्हा याला समजलं. त्याने काट्याचे चारही स्क्रू बसवले, काटा शून्यावर आणला, वर एक किलोचं माप ठेवून पाहिलं आणि मगच उठला. रद्दीवाल्याकडे गिऱ्हाइकं खोळंबली होती. या सगळ्याला चार मिनिटं लागली असतील. पुढे मेहुण्याने हे चारचौघांत बोलून दाखवलं, तेव्हा त्याने ते कबूल केलं. चार मिनिटं लागली होती हे खरंच होतं.

वजनकाटे विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत त्याची सव्वीस वर्षं गेली होती. दुकानादुकानांतून हिंडायचं, काटे तपासायचे, एक ग्रॅमसुद्धा इकडेतिकडे चालवून घ्यायचा नाही. त्यावरून कंपनीतले त्याला ग्रॅमभाऊ म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागेही म्हणत. त्याला त्याचं काही वाटत नसे.

त्या वर्षी कंपनीने दुरुस्तीचं खातं चार तासांवरच्या लहान शहरात हलवायचं ठरवलं. ज्यांना नोकरी हवी त्यांनी तिकडे यावं. तिकडे घरभाडं कमी, खर्च कमी, म्हणून पगारही पाव हिश्श्याने कमी. पत्रात हे फार गोड भाषेत लिहिलं होतं. बायकोने ते पत्र दोनदा वाचलं.

"म्हणजे आपण काटकसर करायची आणि शिल्लक यांनी न्यायची," ती म्हणाली. "हुशार आहेत हो तुमचे साहेब."

"मग काय करायचं? नाही म्हणायचं?"

"या वयात तुम्हाला दुसरं कोण घेणार? मीच घेऊन पस्तावलेय."

मग घर शोधायचं काम तिने अंगावर घेतलं. रजा मागायला त्याला जिवावर येई, आणि घराची पारख तर त्याला मुळीच नव्हती. ती पहाटेच्या बसने जाई आणि रात्री परत येई. तीन खेपा फुकट गेल्या. चौथ्या खेपेला, त्या मंगळवारी, भर दुपारी बारा वाजता तिचा फोन आला.

"ऐका, घर ठरवलं. अडीच खोल्या. मागच्या बाजूला. भाडं तुम्ही धरलं होतं त्याच्या निम्मं."

"निम्मं? मग काहीतरी खोट असणार. ओल असेल भिंतींना."

"ओल नाही. सगळ्या भिंतींना हात लावून बघितलाय."

"मग?"

"निम्म्याचं ठरवलंय. बाकीचं दुपारी." पाठीमागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. "ठेवते आता."

बाकीचं ती दुपारी सांगणार, असं त्याने धरलं. जेवणानंतर दोनदा त्याने फोन काढून पाहिला. मग तो रद्दीवाल्याकडे गेला.

पुढचे काही आठवडे लोक येत-जात राहिले. मेहुणा बराच काळ मुक्कामाला होता. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असे.

"भाऊजी, तिकडे एखादी खोली घ्या. खोली तरी कशाला? नोकरदारांच्या वसतिगृहात खाट मिळते. चादर त्यांचीच. अडीच खोल्यांत काय धावण्याची शर्यत लावणार आहात?"

"तिने घर ठरवलंय."

"कुठलं? पत्ता आहे का?"

पत्ता नव्हता. बायकोचा फोन मात्र तो रोज चार्ज करून ठेवत असे. त्यातल्या शेवटच्या नंबरांपैकी एखादा घरमालकाचा असणार हे त्याला कळत होतं. पण फोन लावला की आधी ती बातमी सांगावी लागणार. म्हणून ते रोज उद्यावर जाई.

पाच आठवड्यांनी तिकडूनच त्या फोनवर फोन आला. बाईचा आवाज होता, वैतागलेला.

"अहो ताई, काय हे! पहिल्या तारखेला येणार होता ना? दोघांना नाही म्हणून घर अडवून ठेवलंय मी."

"मी त्यांचा नवरा बोलतोय. ती वारली. तुमच्याकडून निघाली त्याच दिवशी."

"मग घराचं काय?" असं बाई म्हणाली आणि लगेच, "अगं बाई, हे काय विचारलं मी! माफ करा हं."

"विचारायलाच हवं. घर हवंय मला."

तो सकाळच्या बसने निघाला. कंपनीच्या नव्या कार्यालयात वाटेत डोकावला, तर तिथल्या हिशेबनिसाने भाड्याच्या घरांची एक यादी त्याच्या हातात ठेवली. त्याने ती उभ्याउभ्याच वाचली. ज्या स्वस्ताईच्या नावाने पगार कापला होता ती गायब होती.

"हे आकडे कधीचे?" त्याने विचारलं.

"या आठवड्याचे. आपली चाळीस कुटुंबं एकदम आली ना, घरमालकांच्या तोंडाला पाणी सुटलं." हिशेबनीस हसला. "इथे स्वस्त म्हणून आपण आलो, आणि आपण आलो म्हणून इथे महाग झालं."

कंपनीपुढच्या दुकानात त्याने पाव, साबण आणि दिव्याचा बल्ब यांच्या किमती विचारल्या. तिन्ही त्याच्या मोठ्या शहरात होत्या तेवढ्याच. भाजी तेवढी थोडी स्वस्त होती. हिशेब उघड होता. तिने ठरवलेल्या निम्म्या भाड्यात घर मिळालं तर नोकरी परवडणार होती. नाहीतर मेहुण्याची खाट.

खाटेवर तो झोपला असता. त्याला झोपेचं कौतुक नव्हतं. पण या अख्ख्या शहरात तिने भिंतींना हात लावून पाहिलेलं घर एकच होतं.

मालकीणबाई औषधांच्या दुकानात दुपारच्या पाळीला होती; त्या दिवशी त्याच्यासाठी सुट्टी घेऊन थांबली होती. पुढच्या दोन खोल्यांत ती आणि तिची म्हातारी आई राहत. मागच्या अडीच खोल्या भाड्याच्या. त्यातली अर्धी खोली म्हणजे एका बाजूने उतरत्या छपराची अडगळ होती, तिच्यात उभं राहायचं तर निम्म्यातच राहावं लागे. भिंती कोरड्या होत्या. त्यानेही हात लावून पाहिलं.

बाईने कपाटातून एक कागद काढला. हाताने लिहिलेला करार होता. खाली मालकिणीची सही, शेजारी बायकोची. तिसऱ्या सहीसाठी जागा मोकळी सोडली होती.

"तुमची घ्यायची राहिली होती," बाई म्हणाली.

त्याने वाचलं. भाडं इतकं, ते खरोखरच निम्मं होतं. पुढे लिहिलं होतं: उरलेल्या निम्म्या भाड्याच्या बदल्यात भाडेकरूची पत्नी रोज दुपारी बारा ते चार मालकिणीच्या आईजवळ बसेल.

ते वाक्य त्याने पुन्हा वाचलं. निम्मं पैशाने, बाकीचं दुपारी. ती दुपारी काही सांगणार नव्हतीच. सगळं सांगून झालं होतं.

"आता तुम्हीच सांगा," बाई म्हणत होती. "मी बाराला जाते ती चारला येते. आई मागे एकदा पडली. तिच्याजवळ कुणीतरी हवंच. बाई ठेवायची तर तिचा पगार. म्हणजे मला पुरं भाडं घ्यावं लागेल. मला बोलायला बरं वाटत नाही, पण..."

"बारा ते चार मी मोकळा असतो."

"तुम्ही? नोकरी नाही का?"

"काटे तपासायची आहे. या शहरात दुपारी बारा ते चार औषधांची सोडली तर दुकानं बंद असतात. मी आत्ताच बाजारातून आलो. सगळी दारं ओढलेली. बंद दुकानातला काटा कसा तपासणार?"

मोठ्या शहरात दुपार म्हणून काही नव्हतंच. तिथे दुकानं सकाळी उघडत ती रात्री मिटत. तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोण आलंय? कुजबुजताय काय? मी मेलेली नाही अजून!"

म्हातारी खाटेवर ताठ बसली होती. हाडं मोजून घ्यावीत अशी. तिने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"त्या बाईचा नवरा तू?"

"हो."

"ती गेली म्हणे."

"हो."

"म्हणजे ती ठरली आणि तू आलास. या सौद्यात मी फसले." ती लेकीकडे वळली. "ती किती छान बोलत होती गं! तासाभरात माझी दोन दुखणी आणि एक भांडण ऐकून घेतलं. हा बोलतो का?"

"कमी," तो म्हणाला.

"दिसतंय. आणि मला संडासला जायचं झालं तर? पुरुषमाणसाला हाक मारायची का मी? जीव गेला तरी मारणार नाही."

हा मुद्दा खरा होता. त्याने खाटेपासून संडासाच्या दारापर्यंतची भिंत पाहिली. मग पिशवीतून फीत काढली.

"जरा उभ्या राहाल का? हात नुसता खाली सोडा. आता मूठ वळा."

"शिंपी आहेस का तू?"

"काटेवाला."

"मग काय माझं वजन करणार?"

"करायचं का?"

पिशवीत तपासणीचा लहान काटा होता. म्हातारी खरोखरच त्यावर उभी राहिली, लेकीचा खांदा धरून. तो म्हणाला, "खांदा सोडा. त्यांचं वजन त्यात येतंय." तिने तोंड वाकडं करून खांदा सोडला.

"अडतीस किलो चारशे ग्रॅम."

"चारशे कशाला सांगतोस?"

"आहेत म्हणून."

म्हातारी हसली नाही, पण लेकीला म्हणाली, "महिनाभर बघू. नाही जमला तर हाकलू."

त्याच संध्याकाळी त्याने लोखंडी नळी आणून म्हातारीच्या मुठीच्या उंचीवर भिंतीला ठोकली, खाटेपासून संडासाच्या आतपर्यंत, वळणावर सांधा देऊन. स्वतः नळीला लोंबकळून पाहिलं. नळीचे पैसे बाईने देऊ केले, ते त्याने घेतले.

पहिल्या तारखेला सामान आलं. मेहुणा बरोबर होता. पातेल्यांचं तिसरं खोकं उतरवताना तो कुरकुरला, "एवढ्या भांड्यांत कुणासाठी रांधणार आहात भाऊजी?" तरी त्याने चौथं खोकं आपणहून उचललं आणि जाताना अडगळीत दिव्याचा एक जादा पॉइंट काढून दिला.

इथे राहायला आल्यापासून तो रोज बाराला पाच मिनिटं असताना म्हातारीजवळ येतो. म्हातारी बोलते, तो ऐकतो आणि खिडकीशी बसून बिघडलेले छोटे काटे दुरुस्त करतो. ती नळीला धरून एकटी जाते-येते. तेवढ्यापुरता तो मागच्या दारात जाऊन उभा राहतो. एकदा तिला हाक मारावी लागली. "माझी चप्पल आत अडकलीय, तेवढ्यासाठीच बोलावलंय," हे तिने दोनदा सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात तिने मध्येच विचारलं, "ती गेली कशी?"

"बसल्या बसल्या."

"मग बरं झालं. उभी असती तर पडून लागलं असतं."

इतक्या जणांनी त्याचं सांत्वन केलं होतं. त्यात हे पहिलंच वाक्य त्याला पटलं. हातातला काटा त्याने खाली ठेवला. मग म्हातारी आपल्या दिराच्या भांडणाकडे परत वळली.

महिना संपला. म्हातारीचं वजन एकोणचाळीसवर आलं. बाई दुकानातून नवा करार टाइप करून घेऊन आली.

"आईची हरकत नाही. भाडं तेच, निम्मं. जुन्या कागदात ते पत्नीचं वाक्य आहे ना, ते आता चालायचं नाही. यावर सही करा, जुना फाडून टाकू."

नव्या कागदात लिहिलं होतं: भाडेकरू एकटा राहील. दुपारी बारा ते चार तो स्वतः मालकिणीच्या आईजवळ बसेल.

त्याने तो तीनदा तपासला. आकडे बरोबर होते, तारीख बरोबर होती, एकही शब्द खोटा नव्हता.

"बघतो," तो म्हणाला.

"बघायचं काय त्यात?" आतून म्हातारी ओरडली. "सही कर रे! नाहीतर ही पुरं भाडं लावेल. माझीच लेक आहे, मी ओळखते तिला!"

बाईने दोन्ही कागद त्याच्याकडे दिले. सवडीने करा, पण या महिन्यात करा, म्हणाली. तो महिना गेला. तिने पुन्हा आठवण करून दिली, या वेळी जरा करड्या आवाजात. सही नसेल तर तीन महिन्यांपुढे तिला हा भाव धरता येणार नाही, हेही तिने सांगितलं. त्याला ते रास्त वाटलं. सरकारी तपासणीचा शिक्का नसलेला काटा त्याने स्वतः कधी कुणाच्या दुकानात एक दिवस चालू दिला नव्हता.

आता तिसरा महिना चालू आहे. आज चौदा तारीख. दोन्ही कागद स्वयंपाकघरातल्या खणात आहेत. एकावर बायकोची सही आहे, दुसऱ्यावर तिच्यासाठी जागा नाही. त्याची सही दोन्हींवर व्हायची राहिली आहे.