लाल लोकर

"मावशींनी बांधलेला धागा तेवढा सोडू नका हं, ताई," अंडीवाल्याने फाटकापाशीच सांगितलं होतं. स्कूटरच्या मागच्या खोक्यात अंड्यांचे ट्रे रचता रचता, तिच्याकडे न बघताच. कडेवर पेंगुळलेली लेक, दोन्ही खांद्यांना दोन बॅगा, अशा अवतारात तिने "बरं बरं" म्हटलं आणि विसरून गेली. धागे असतात कोंबड्यांच्या पायात. ती कशाला सोडायला जाईल? तिला तर कोंबडी धरताही येत नव्हती.

ती आली होती वेगळ्याच कामाला. सोमवारी तिची नवी नोकरी सुरू होणार होती आणि पाळणाघरातली जागा रिकामी व्हायला आणखी तीन आठवडे होते. तोवर दोन वर्षांच्या ठमीला कुणाकडे ठेवायचं, यावर घरात बराच खल झाला. शेवटी नवरा म्हणाला, "तुझी मावशी आहे की. तुला नाही का तिने दर सुट्टीत सांभाळलं?" मावशी फोनवर हसली. "आण गं. सतरा कोंबड्या आहेत, त्यात ही अठरावी."

तरी चार दिवस आधी येऊन सगळं डोळ्यांखालून घालावं, असं तिने ठरवलं. बाळंतपणाआधी तिने मुलांच्या संगोपनावरची चार जाडजूड पुस्तकं वाचली होती, त्यामुळे घाबरण्याजोग्या गोष्टी तिला इतर आयांपेक्षा चौपट ठाऊक होत्या.

पण इथे घाबरायचं कशाला, तेच तिला कळेना. थंडी सरत आली होती. सकाळी गवतावर दव असायचं, दहा वाजेपर्यंत ऊन पाठीला गोड लागायचं. कुंपणाकडेच्या वाफ्यात कंद फुटून पिवळी फुलं माना वर काढत होती, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना पॅन्झीच्या फुलांची तोंडं मिशा रेखल्यासारखी दिसत होती. ठमी त्यांना "माऊ, माऊ" म्हणत हात लावायची. तिला थोडा खोकला होता, त्याचं औषध आईच पाजायची. मावशी खुरपं घेऊन उकिडवी बसली, की सगळ्या कोंबड्या तिच्याभोवती जमायच्या आणि उकरलेल्या मातीतल्या गांडुळावरून भांडायच्या.

गुरुवारी मावशीने कोंबड्यांना जंताचं औषध पाजलं. एकेक कोंबडी काखेत धरायची, बोटाने चोच उघडायची, ड्रॉपरने दोन थेंब आत, आणि लगेच पायात लाल लोकर बांधून सोडून द्यायची.

"फॅशन का गं ही?" तिने विचारलं.

"फॅशन कसली! खूण नको? नाहीतर एकीला दोनदा आणि दुसरीला मुळीच नाही. सगळ्या सारख्याच दिसतात, आणि खोटारड्या तर इतक्या, विचारून उपयोग नाही."

ती पोट धरून हसली. हसता हसताच तिला दिसलं, की पाण्याच्या झारीच्या दांड्यालाही लोकर आहे. मग गॅसच्या बटणाला दिसली. मागच्या दाराच्या कडीला दिसली. मावशीच्या स्वतःच्या डाव्या मनगटावर निळी होती.

"हे काय?"

"सवय," मावशी म्हणाली आणि चहा टाकायला गेली. तो त्या सकाळचा तिसरा चहा होता.

तिचं मन तागडीसारखं वरखाली व्हायला लागलं. मावशीने भिजलेल्या वाफ्याला पुन्हा पाणी घातलं, की वाटायचं, नको, ठमीला इथे नको ठेवायला. पण पुढच्याच मिनिटाला मावशी ओट्याजवळूनच खिडकीबाहेर बघत म्हणायची, "ती पांढरी आज कोपरा धरून बसलीय. खुडूक होणार बघ," आणि संध्याकाळी पांढरी खरोखरच पिसं फुलवून अंड्यांवर ठाण मांडून बसायची, कुणी हात घातला तर चोच मारायची. अशा बाईला विसराळू म्हणायचं? मग वाटायचं, आपणच झोप न झाल्याने भलतंसलतं बघतोय.

शनिवारी सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली, तर ठमी पायरीवर बसून फुलं कुस्करत होती आणि तिच्या मनगटावर लाल लोकर होती.

तिच्या डोक्यात सणक गेली. माझी मुलगी म्हणजे काय खुराड्यातली कोंबडी आहे? शिवाय चौथ्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, लहान मुलांच्या हातापायाला दोरा बांधू नये. तो आवळला जातो, तोंडात जातो. तिने कात्री आणली, लोकर कापली आणि गाऊनच्या खिशात कोंबली. मावशीला बोलायचं नाही, असं ठरवलं. कशाला तिला दुखवा?

अर्ध्या तासाने कपडे वाळत घालून ती स्वयंपाकघरात आली. ठमी ओट्यावर बसली होती. मावशीच्या एका हातात खोकल्याच्या औषधाची बाटली होती, दुसऱ्या हातात भरलेला चमचा.

"उघड चोच. शहाणी माझी अठरावी!"

कोंबड्यांच्या पायातली लोकर तिला लख्खकन आठवली. "मावशी, थांब! मघाशी दिलंस ना तू?"

"कधी?"

"मी आंघोळीला गेले होते तेव्हा."

मावशीने ठमीचं मनगट उलटंसुलटं करून पाहिलं. "छे. दिलं असतं, तर बांधलं असतं."

तिचा हात आपोआप खिशात गेला. लाल तुकडा ओट्यावर ठेवताना तिला मावशीच्या तोंडाकडे बघवेना.

मावशीने चमचा हळूच बाटलीत रिकामा केला, झाकण घट्ट लावलं आणि स्टूल ओढून बसली. "तरी अंडीवाल्याला म्हटलं होतं, भाचीला सांगून ठेव म्हणून."

"कधीपासून होतंय हे?"

"मागच्या उन्हाळ्यापासून. डॉक्टरकडे जाऊन आले. ते म्हणाले, लिहून ठेवत जा. लिहिते गं. पण वही कुठे ठेवली, ते कुठे लिहू?"

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं, तर आणली असतीस हिला?"

तिने ठमीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, घाबरू नका, हा डोस सोडा, दुपारचा वेळेवर द्या. मग त्यांनी सहज विचारलं, "सकाळचा पहिला डोस कितीला दिला होता?" आणि ती आठवू लागली. मावशीच्या आधी, चहाच्या वेळी, आपण स्वतः पाजलं होतं का? बाटली हातात घेतल्याचं आठवत होतं. पण ते आज की काल? शपथेवर सांगता येईना. तिच्या स्वतःच्या मनगटावर तर लोकरही नव्हती.

मग चुकलं कोणाचं? बांधणारीचं की कापणारीचं? लोकर असती तर दुसरा चमचा भरलाच गेला नसता. म्हणजे मावशीजवळ ठमी सुखरूप होती? की एका धाग्यावर होती? ती दिवसभर त्याच त्या विचारात गरगरत राहिली आणि मावशी तिकडे ठमीला कोंबडीच्या पोटाखालचं गरम अंडं गालाला लावून दाखवत होती. ठमी इतकी खिदळत होती, की ते बघून तिच्या आईला रडू आलं.

रविवारी तिने बॅगा भरल्या. नवऱ्याने रजा काढली होती. मावशीने पिवळ्या फुलांची जुडी बांधून दिली, तीही लोकरीनेच.

"तूही चल ना," ती म्हणाली.

"आणि या सतरा?"

ती निघाली. बरोबर केलं की चूक, हे तिला अजूनही कळलेलं नाही. रोज दुपारी ती ऑफिसातून फोन करते, मावशी म्हणते, "जेवले गं," आणि ती त्यावर विश्वास ठेवते किंवा ठेवत नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी त्या रस्त्याने गेलात आणि वळणावर पिवळ्या फुलांमागे निळं फाटक दिसलं, तर अंडी घ्यायच्या निमित्ताने आत जा. मावशीचं डावं मनगट बघा. निळी लोकर म्हणजे जेवण झालं. पण लोकर दिसली, तरी लगेच निघू नका. गॅसवरचं भांडं उघडून बघा, ताट ओलं आहे का बघा. कालची सोडायची राहून गेली असेल.