झडतीतली कुऱ्हाड

पोळ्याच्या दिवशी जगदेवच्या तोंडी लागायची कोणाची छाती नव्हती. एरवी तो दोन बैलांचा आणि पाच एकर सोयाबीनचा साधा धनी. केनवडच्या बाजारात कोणी धक्का मारला तर आपणच बाजूला होणारा. पण पोळ्याला तोरणाखाली जोड्या उभ्या राहिल्या, हलग्या थांबल्या, की सगळं गाव त्याच्याकडे बघायचं. तोरण तुटायच्या आधी झडत्या म्हणायची आपल्याकडे रीत आहे. झडती म्हणजे दोन ओळींत जुळवलेला चिमटा, आणि त्याच्यामागून सगळ्या गावानं ठोकलेली 'हर हर महादेव'ची आरोळी. त्या दिवशी सरपंचाला म्हणा, ग्रामसेवकाला म्हणा, पाटलाला म्हणा, कोणी रागवायचं नाही असा नियम. नियम चांगलाच आहे. फक्त तो कोणी पाळायचा आणि कोणी नाही, हे आधीच ठरलेलं असतं.

जगदेव वही-कागद काही ठेवत नसे. वखरामागं चालता चालता ओळ जुळवायची आणि ती जिभेवर घोळवत राहायची. एखादी बसली की तो एकटाच हसायचा. बायको तुळसाबाई म्हणायची, "हसून काय राह्यले? बैल कुठी चालले ते पाहा." पण झडती लागली आणि चारचौघांनी फेटे उडवले की हा माणूस चार दिवस जमिनीवर नसायचा. आपण कलावंत आहोत, गावाचं तोंड आपण आहोत, असं त्याला मनापासून वाटायचं. वाटायला काही पैसे पडत नाहीत.

एका पोळ्याला घोळ झाला. मानाची जोडी लालसिंग पाटलाची. ती तोरणाखालून गेल्याशिवाय गावातला दुसरा बैल पाय उचलत नाही. बौद्धपुऱ्यातल्या भागिरथाबाईच्या पोरानं, धम्मरत्ननं, त्या साली नवी जोडी आणली होती. कोवळी खोंडं, पहिलाच पोळा. कोणीतरी फटाक्याची लड लावली, खोंडं बिथरली, आणि धम्मरत्नला कासऱ्यानं फरफटत थेट तोरणाखालून पार झाली. तोरण तुटलं. पाटलाची नटलेली जोडी तिथंच उभी.

सगळे गप्प झाले. आता काय होतं म्हणून लोक पाटलाच्या तोंडाकडे पाहत होते. अशी शांतता जगदेवला कधी सोसली नाही. त्याच्या तोंडून गेलंच:

"शिंगाले बेगड, पाठीवर झूल, पाटलाची जोडी नटली,
तोरन तोडून वासरं गेली, पाटलाची इज्जत फाटली!"

गाव पोट धरून हसलं. गुडघे सोललेला धम्मरत्न धुळीत बसल्या बसल्या सगळ्यांहून मोठ्यानं हसला. त्याला लहानपणापासून जगदेवकाकाच्या झडत्या पाठ होत्या. लालसिंग हसला नाही. त्याचा पोरगा गोलू तर हसणाऱ्यांचे चेहरे नीट पाहून ठेवत होता.

दिवस मावळताना जगदेव गावातून बोजारा मागून परत येत होता. पोळ्याला बैलवाल्याच्या हातावर घरोघरी काहीतरी ठेवतात, तो बोजारा. पिशवी भरली होती आणि माणूस खुशीत होता. देवळामागं लघवीला म्हणून कडब्याच्या गंजीआड गेला, आणि तिथून त्याला दिसलं. गोलू आणि त्याचे दोघं-तिघं दोस्त. मध्ये धम्मरत्न. गोलूच्या हातात बैल हाकायची तुतारी, टोकाला लोखंडी आर असलेली काठी.

"म्हण! कोनाची फाटली? म्हण!"

"मी नाई म्हटली रे गोलूभाऊ. जगदेवकाकानं म्हटली."

"हसला तं तू ना बे!"

प्रत्येक फटक्यामागून ते पोरगे झडतीचा एकेक शब्द म्हणत होते. जगदेवचीच झडती. गंजीला टेकून तो उभा राहिला. 'अरे गोलू' एवढं जरी म्हटलं असतं तरी पोरं पळाली असती, बहुतेक. हजार माणसांत न अडखळणारी त्याची जीभ टाळूला चिकटली. धम्मरत्न एकदा वळला आणि त्यानं गंजीकडे पाहिलं. मग पडला. अकोल्याला नेता नेता वाटेतच गेला.

गाडीत त्यानं आईला सांगितलं होतं, जगदेवकाका गंजीमागं उभे होते. भागिरथानं ते पोलिसांना सांगितलं. पोलिसांनी गोलूला उचललं आणि जगदेवला विचारलं. जगदेव म्हणाला, "मी तं घरी होतो साहेब. पुरनपोळी खाऊन आडवा झाल्तो." तुळसाबाई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. त्यानंतर ती नवऱ्याशी कामापुरतंच बोलू लागली.

वर्ष गेलं. गोलू जामिनावर सुटून आला, त्याच्या स्वागताचा फ्लेक्स लागला. दुसरा पोळा तोंडावर आला तशी भागिरथा एका सकाळी जगदेवच्या अंगणात येऊन उभी राहिली. नवरा देवमन कधीच वारलेला. एकच पोरगा होता, तोही गेला. तिनं आरडाओरड केली नाही की पदर पसरला नाही.

"जगदेवभाऊ, वाशीमले सरकारी वकीलबाई हाये. तिले येऊन सांगा. तुमी पाह्यलं ना?"

जगदेव हळूच म्हणाला, "पाह्यलं."

"मंग चाला. एवढंच सांगाचं. गोलू होता, हातात तुतारी होती, मारून राह्यला होता."

आता इथं माणसानं चप्पल पायात घालून निघायचं. पण जगदेव कलावंत ना! त्याच्या डोक्यात वर्षभर काहीतरी खदखदत होतं, ते वर आलं. त्याचे डोळे चमकले. "भागिरथाबाई, चार भिंतीत काय सांगाचं? मी पोळ्यात म्हणतो. तोरनाखाली, लालसिंगाच्या तोंडावर, गोलूचं नाव घेऊन. गाव आयकन, मोबाईलवर जाईन, साऱ्या जिल्ह्यात जाईन. बेइज्जत करतो त्याले."

भागिरथानं मान हलवली. "कोर्टात जुळवून सांगाले लागत नाई, भाऊ. पाह्यलं तेच सांगाचं."

"वकीलबाईकडंबी येतो. पोळा तं होऊ दे."

खरं सांगायचं तर त्याला भीती वाटत होती. एकट्यानं टेबलासमोर बसून, साध्या बोलीत, सही करून सांगायची भीती. तोरणाखाली मात्र तो कोणाला भीत नव्हता. तिथं त्याला नियमाचं कवच होतं. एका झडतीनं पोरगं मेलं ते दुसऱ्या झडतीनं फिटेल, असा त्यानं हिशोब घातला आणि त्याला बरं वाटलं.

पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळायचे आणि त्यांना जेवणाचं आवतण द्यायचं. जगदेव खांदे चोळत होता आणि ओळ जुळवत होता. पहिली ओळ पटकन आली. दुसरी अडली. गोलू, तुतारी, देवळामागं, मारलं. शब्द सगळे खरे, पण ओळ काही उठेना. तुतारी शब्दाशी तो खूप वेळ झटला. बैल कंटाळून पाय आपटायला लागला. मग त्याला हिरवं झाड सुचलं. धम्मरत्न म्हणजे भरातलं हिरवं झाड. अंगावर काटा आला त्याच्या. आणि झाड आलं म्हटल्यावर गोलूच्या हातात कुऱ्हाड आपोआप आली.

त्यानं ती मोठ्यानं म्हणून पाहिली. तुळसाबाई गोठ्याच्या दाराशी पाणी घेऊन उभी होती.

"कुऱ्हाड कुठी होती? तुतारी होती म्हणता ना?"

"तुले काय समजते त्याच्यातलं?"

"मले एवढंच समजते, का पोराले कुऱ्हाडीनं नाई मारलं."

"झाड तुतारीनं तोडतेत काय, बावळट?"

तिनं बादली खाली ठेवली आणि निघून गेली. बाईनं अडाणीपणानं बरोबर सांगावं आणि शहाण्यानं ऐकू नये, ही आपल्या घराघरातली जुनी रीत.

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं. गोलू नवा शर्ट घालून मानाच्या जोडीचा कासरा धरून उभा होता. बौद्धपुऱ्यातून त्या साली एकही जोडी आली नव्हती. भागिरथा मात्र आली होती. शाळेच्या भिंतीपाशी उभी होती. हलग्या थांबल्या. जगदेव पुढं झाला, त्यानं फेटा सावरला, आणि आवाज चढवला:

"गरिबाची जोडी पुढं गेली, पाटलाले नाई आवडलं,
गोलूनं घेतली कुऱ्हाड हाती, हिरवं झाड तोडलं!"

आरोळी उठली नाही. मोबाईल वर धरलेले हात तसेच राहिले. जगदेवला आतून आनंदच झाला होता, खोटं कशाला बोला? अशी झडती आयुष्यात झाली नव्हती. आता काय व्हायचं ते होवो.

आणि लालसिंग हसला. आधी खालच्या आवाजात, मग खदखदून. टाळ्या वाजवत पुढं आला. "वा रे जगदेव! वा रे पठ्ठे! आमालेबी नाई सोडलं!" पाटील हसला म्हटल्यावर गावाचा जीव भांड्यात पडला. गाव हसलं. तीस वर्षं जगदेवनं दुसऱ्या ओळीला हसायची सवय लावली होती, ती वाया कशी जाईल? 'हर हर महादेव' अशी उठली की बैल दचकले. गोलूही हसत होता. लालसिंगनं नारळ आणि शेला पुढं केला, आणि जगदेवचे दोन्ही हात नेहमीसारखे पुढं झाले. हात पुढं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. तोवर नारळ हातात होता.

त्यानं शाळेच्या भिंतीकडे पाहिलं. भागिरथा निघून गेली होती.

व्हिडिओ जिल्हाभर फिरला, हे खरं. त्याच्याखाली लोक हसणारी तोंडं टाकत होते. पुढं जगदेव वाशीमला गेला, वकीलबाईला भेटला, सगळं साधं साधं सांगितलं. तिनं त्याचं नाव साक्षीदारांत घातलं. एवढं तरी श्रेय त्याला द्यायला हवं. गोलूच्या माणसांनी शेताच्या बांधावर येऊन दम दिला तरी तो मागं हटला नाही. होळी झाल्यावर साक्षीची तारीख आली तेव्हा तो धुतलेलं धोतर नेसून एसटीनं वाशीमच्या कोर्टात आला. पिंजऱ्यात उभा राहून म्हणाला, "गोलू होता. हातात तुतारी होती. मी गंजीमागून पाह्यलं." शब्द नीट आले. भागिरथा मागच्या बाकावर बसली होती. दीड वर्षात पहिल्यांदा तिनं पाठ टेकली.

मग गोलूचा वकील उठला. अगदी अदबीनं विचारलं, "जगदेवराव, पोलिसांना तुम्ही सांगितलं, मी घरी होतो. खरं?"

"भेव वाटलं साहेब, म्हणून."

"बरोबर आहे. भीती वाटते माणसाला. मग पोळ्याला भीती गेली?" त्यानं कोर्टाच्या परवानगीनं व्हिडिओ लावला. जगदेवचाच चढा आवाज त्या खोलीत घुमला. "हे तुम्हीच ना? यात तुम्ही म्हणता कुऱ्हाड. आज म्हणता तुतारी. डॉक्टर म्हणतात, कुऱ्हाडीचा एकही वार नाही. काय पाहिलं तुम्ही?"

"तुतारी, साहेब."

"मग हजार लोकांपुढं कुऱ्हाड कशी आली?"

खरं ते सांगायचं असं जगदेवनं ठरवलं होतं, आणि त्यानं खरंच सांगितलं. "झाड होतं ना साहेब झडतीत. झाड कुऱ्हाडीनंच तोडतेत."

कोर्ट हसलं. पोलीस हसला, कारकून हसला, न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. पिंजऱ्यातला जगदेव सवयीनं थोडा थांबला, हसू ओसरेपर्यंत थांबतात तसा.

"म्हणजे जुळवण्यासाठी तुम्ही काहीही म्हणता," वकील म्हणाला. "आणि ज्याला खुनी म्हणता, त्याच्या बापाच्या हातचा नारळही घेता. मला आणखी काही विचारायचं नाही."

वकीलबाईनं उठून सावरायचा प्रयत्न केला, पण खोलीतलं ते हसू काही तिला पुसता आलं नाही. दुसरा डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार नव्हता. बाहेर आल्यावर ती भागिरथाला म्हणाली, "आता कठीण आहे, बाई." जगदेवशी ती बोललीच नाही. फाटकापाशी गोलूची पोरं उभी होती. त्यांनी त्याला पाहून एका सुरात झडती म्हटली, दोन्ही ओळी, न चुकता.

स्टँडवर केनवडच्या गाडीला वेळ होता. भागिरथा बाकड्यावर बसली होती. जगदेव तिच्यापासून हातभर लांब उभा राहिला. बसायची हिंमत झाली नाही. तिच्या पायावर डोकं ठेवावं असं त्याला वाटत होतं, पण लोक पाहतील म्हणून तेही झालं नाही. तिनंच मान वर केली. रागानं नव्हे, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

"तुतारीच म्हटली असती तं काय झालं असतं, भाऊ?"

जगदेवनं खूप विचार केला. दुसरं काही उत्तर सापडलं असतं तर त्यानं ते दिलं असतं.

"ओळीत बसत नव्हती, बाई."