तात्पुरता आवाज

चाळिशी उलटली, डोक्यावरचे निम्मे केस निवृत्त झाले, तरी घरात त्याला सगळे छोट्याच म्हणत. बाहेर तो व्हिडिओ प्रोड्यूसर होता. स्वतःच्या धंद्याचा मालक! म्हणजे कॅमेरा त्याने धरायचा, एडिटिंग त्याने करायचं, कोटेशन त्याने पाठवायचं आणि क्लायंटच्या मेहुण्याने सुचवलेला ‘जरासा बदल’ही त्यानेच गोड हसून ऐकून घ्यायचा. नोकरी सोडली तेव्हा त्याला वाटलं होतं, चला, आता डोक्यावर साहेब नाही. झालं काय, तर ज्याचा फोन येईल तो साहेब.

पण आजची पंचाईत कुठल्या साहेबाने केलेली नव्हती. ती त्याची त्यानेच ओढवून घेतली होती.

"अहो, तो पहिलाच आवाज ठेवा," डॉक्टरीणबाई फोनवर सांगत होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनला येणाऱ्या पेशंटना आधी काय, मग काय, हे समजावणारी फिल्म तो त्यांच्या हॉस्पिटलसाठी करत होता.

"पहिला कुठला?" छोट्याने उगाच विचारलं. कुठला ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"तो हो, घोगरा. त्या बाई मध्ये अडखळतात बघा. कच्ची फिल्म आम्ही वेटिंग रूममध्ये लावून पाहिली. एक आजोबा सारखे घड्याळ बघत होते, ते गप्प बसून ऐकायला लागले. म्हणाले, ही बाई स्वतः यातून गेलेली दिसतेय. आत्ता पाठवलाय तो आवाज छान आहे, नाही कोण म्हणतंय? पण त्या बाई मला गुडघा विकायला आल्यात असं वाटतं!"

फोन ठेवून छोट्या खुर्चीत नुसता बसून राहिला. कारण दोन्ही आवाज एकाच बाईचे होते, आणि ती बाई त्याची सख्खी ताई होती.

ताईचं सगळं आयुष्य आवाजावर चाललं होतं. जाहिराती म्हणा, सभा-समारंभांचं सूत्रसंचालन म्हणा, ती माइकसमोर उभी राहिली की मागच्या रांगेतला माणूसही ताठ बसायचा. मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली, घरच्यांचा जीव भांड्यात पडला. पण आवाज बसला तो बसलाच. ‘येईल हळूहळू’ असं जो तो म्हणत राहिला आणि ताई वाट बघत राहिली. हल्ली तर दारात कोणी आलं तरी ती भाऊजींना पुढे करायची.

आता छोट्याची कामाची एक रीत होती. फिल्म आधी कच्ची जोडायची आणि त्यावर तात्पुरता आवाज टाकायचा, कुठलं वाक्य किती लांब जातं ते कळायला. खरा आवाज नंतर. एरवी तो स्वतःच काहीतरी पुटपुटून वेळ मारून न्यायचा, पण त्या दिवशी त्याला सणकून सर्दी झालेली, आणि ताई त्याच्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसलेली. "ताई, एवढं वाचून दे ना. नुसतं मोजायला हवंय, मग पुसून टाकतो." तिने मटार सोलता सोलताच वाचलं. अडखळली तिथे स्वतःलाच हसली. आणि मग खाली मान घालून हळूच म्हणाली, "खरं रेकॉर्डिंगही मीच करू का रे?"

तिच्या त्या विचारण्यापुढे कोण नाही म्हणणार? बेडरूममध्ये रजया टांगून त्याने स्टुडिओ केला. ताईने गरम पाणी पिऊन पिऊन एकेक वाक्य पुन्हा पुन्हा म्हटलं. आवाज धड घोगरा नाही, धड मोकळा नाही, नुसता ताणलेला. आणि इथे छोट्याची बुद्धी फिरली. त्याने कॉम्प्युटरवर एकेक शब्द घासूनपुसून काढला. इथली खरखर काढ, तिथलं चांगलं अक्षर उचलून इथे चिकटव, तिच्या जुन्या जाहिराती शेजारी लावून त्यांच्याशी जुळव. काम असं बेमालूम झालं की त्याची त्यालाच कौतुकाने मान डोलवावीशी वाटली. मग शहाण्याने ते ताईला ऐकवलं.

"आला रे!" ताई रडायलाच लागली. "छोट्या, माझा आवाज आला!"

तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलला. कसा बोलणार? त्याच आनंदात ताईने घरी जाऊन एका जुन्या मैत्रिणीला फोन केला. ही मैत्रीण एका नव्या सभागृहाची मॅनेजर होती आणि उद्घाटनाचं सूत्रसंचालन तूच कर म्हणून कधीची ताईच्या मागे लागली होती. ताई इतके दिवस टाळत होती, ती एका दमात हो म्हणाली. येत्या रविवारी भरल्या सभागृहासमोर तिला उभं राहायचं होतं, आणि ज्या आवाजाच्या भरवशावर ती उभी राहणार होती, तो फक्त छोट्याच्या कॉम्प्युटरमध्ये होता.

आता डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं? त्यांना हवाय तो आवाज पुसून टाकायचं ताईला कबूल केलेलं. ताईला काय सांगायचं? तुझा चांगला आवाज नापास झाला आणि बसलेला पास झाला? हे कौतुक म्हणायचं की अपमान? विचार करकरून त्याच्या डोक्याचा भुगा झाला. शेवटी दोघींचं समाधान होईल अशी युक्ती काढून तो कामाला बसला.

"काय चाललंय?" बायकोने दारातून विचारलं.

"काढलेली खरखर परत घालतोय."

"कुणी काढली होती?"

"मीच."

बायको आत आली. "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? ऊठ. ताईंकडे जा आणि सरळ सांगून मोकळा हो."

तो गेला. ताई कपाटाच्या आरशासमोर हातात कागद धरून उभी होती. "मान्यवर पाहुणे..." इथपर्यंत ठीक, पुढच्या शब्दाला आवाज फाटला.

"बरं झालं आलास. मला काही कळेनासंच झालंय रे," ती म्हणाली. "तुझ्याकडे कसा स्वच्छ लागला होता. इथे लागतच नाही. खोलीचा काही परिणाम असतो का? तुझ्या त्या रजया आणून टांगू या का इथे?"

छोट्याला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने खाली बघत सगळं सांगून टाकलं. घासलेले शब्द, चिकटवलेली अक्षरं, जुन्या जाहिराती, आणि डॉक्टरीणबाईंना मटारवाला आवाज हवाय तेही.

ताई पलंगावर टेकली. हातातला कागद तिने बाजूला ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे आला नव्हता."

"नाही."

"आणि तू मला रडू दिलंस."

"तुला बरं वाटावं म्हणून गं..."

"गप्प बस."

ती उठली आणि तिने फोन उचलला. छोट्याला वाटलं, संपलं, आता ही कार्यक्रम रद्द करणार आणि पुन्हा दाराआड जाऊन बसणार. मॅनेजर मैत्रिणीने फोन घेतला तशी ताईने तो स्पीकरवर टाकला.

"ऐक, मी रविवारचं हो म्हटलं खरं, पण माझा आवाज काही परत आलेला नाही. हा आत्ता ऐकतेयस ना, तेवढाच आहे. पुढे भरवसा नाही. तर दुसरं कोणी बघतेस का?"

"अगं, काय बोलतेयस तू?" मैत्रीण गोंधळलीच. "एवढे दिवस फोनवर याच आवाजात मला नाही म्हणत होतीस ना? तो ऐकूनच तर मागे लागले होते. वेगळा कुठला आवाज आणणार होतीस?"

ताई हसायला गेली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "येते. वेळेवर येते," म्हणून तिने फोन ठेवला. छोट्याचा ताण एकदम उतरला. चला, सुटलो! तोही हसत पुढे सरकला. "बघ, मी उगाच घाबरत होतो. डॉक्टरीणबाईंनाही चालतोय, तुझ्या मैत्रिणीलाही चालतोय."

"हो ना," ताई डोळे पुसत म्हणाली. "सगळ्यांना चालतोय. दुरुस्त करावासा वाटला तो फक्त तुला."

तिच्या सुरात राग नव्हता. ताईने कागद उचलला, पुन्हा आरशासमोर उभी राहिली आणि आवाज फाटला तिथे न थांबता पुढे वाचत गेली. छोट्या तिथेच उभा राहून ऐकत होता.