दहा पावलं

रावेरच्या शाळेत चित्रकला शिकवणारे शालिग्राम मास्तर यंदा रिटायर होणार होते. तीस वर्षांत त्यांचं एकही चित्र गावात कुणी नीट पाहिलं नव्हतं. पाहायचे, पण नाक लावून. तसं पाहिलं की नुसते रंगाचे फटकारे. दहा पावलं मागे सरावं तेव्हा कुठे सकाळ दिसायची. गावाला मागे सरायची सवय नव्हती. हे शेवटचं चित्रही कुणाला दिसलं नाही तर रंगांची पेटी माळ्यावर टाकायची, असं मास्तरांनी ठरवून टाकलं होतं.

शेवटचं म्हणून जीवराम पाटलांची केळीची बाग घेतली. आठ दिवस, रोज सकाळी सात ते आठ. ऊन बदललं की ब्रश खाली. पान काढायचं नाही, पानावरचं ऊन काढायचं. सावलीला काळा नाही, जांभळा. एका कोपऱ्यात पानांवर पिवळे ठिपके दिसले, तेही कवडसे समजून जसेच्या तसे टेकवले.

चित्र पाटलांच्या ओसरीवर ठेवताच जीवराम त्याला चिकटला आणि भडकला.

"मास्तर, माह्या केयीवर करपा रोग दाखवता?"

"भाऊ, ते ऊन आहे. जरा मागे सरा."

"ऊन असं नसते!" म्हणत तो तरातरा बागेत गेला. परतला तो हातात पान घेऊन. त्याच कोपऱ्यातलं, तेच ठिपके. रोग बागेत नि राग चित्रावर! दुपारपर्यंत रोगट पानं कापून जाळली, बाग वाचली.

चित्र ओसरीच्या भिंतीवर लागलं. आल्यागेल्याला जीवराम जवळ ओढून ठिपके दाखवी, "हे पाहा, मास्तरनं पकडला!" तिघांनी मास्तरांना आपापल्या बागेचं आमंत्रण दिलं. मास्तरांना वाईट वाटलं. कौतुक झालं ते रोगाचं.

जीवरामची बायको लताबाई, ओसरीवर पुरुषमाणसं बसलेली असली की बाहेर येत नसे. त्या दिवशीही तिने आतल्या दारातूनच मास्तरांसाठी चहा पुढे केला आणि भिंतीकडे पाहत हळूच म्हणाली, "सकायचं हाये नं हे? पानं अजून वलीच हायेत."

मास्तरांनी पाण्याचा एक थेंबही काढला नव्हता. ते उठून दारापाशी गेले आणि तिथून वळून भिंतीकडे पाहिलं. मोजून दहा पावलं.

पेटीतला निळा संपत आला होता. रविवारी जळगावला जाऊन आणायला हवा होता.