तेहतीस बटणं

टेलरमास्तरांनी जन्मभर मोठ्या माणसांचे कोट शिवले. नगराध्यक्ष, बँडमास्तर, दोन न्यायाधीश. छातीत अस्तराआड असा कडक कॅनव्हास भरत, की कोट चढवला की माणसाची मान आपसूक ताठ. पण आता त्यांचे डोळे सुईच्या नाकाशी भांडू लागले होते. दुकान बंद करण्याआधी शेवटचं शिवलेलं प्रभूच्या अंगावर दिसावं, चर्चच्या नाटकात का होईना, एवढीच इच्छा उरली होती.

"साधा झगा पुरे हो," बायको म्हणाली.

"नगराध्यक्षाला सोळा बटणं, आणि राजांच्या राजाला झगा?"

मास्तरांनी तेहतीस लावली. प्रभूच्या पृथ्वीवरच्या वर्षांइतकी.

येशूचं काम गल्लीतल्या प्लंबरकडे होतं. तालमीत कोट घालून तो उभा राहिला तशी सगळी मंडळी चिडीचूप. मास्तर मनातून फुलून आले. चर्चच्या पाळकबाई प्रवचन गाऊनच सांगायच्या. गळा असा, की भांडायला आलेला माणूसही ताल धरून बसायचा. त्यांनी सूर लावला, "जेवणावरून प्रभू उठला, अंगावरचं वस्त्र उतरवून ठेवलं, शिष्यांचे पाय धुवायला..."

मास्तर चपापले. हा अध्याय त्यांनी शंभरदा ऐकलेला. पण डुलायच्या नादात अर्थाकडे कुठलं लक्ष असायला!

प्लंबर बटणं काढू लागला. पाळकबाईंनी ओळ पुन्हा घेतली. मग पुन्हा. नवव्या वेळेला तो कसाबसा बाराव्या बटणाला पोचला होता.

पेत्र नावाचा शिष्य झालेला मास्तरांचा मेहुणा बूट काढून, पाय पुढे करून बसला होता. "दाजी, तुमचा येशू पाय धुणार की सलामी घेणार? माझी बोटं गारठली."

"कोट न काढताच धू की रे बाबा," मास्तर पडेल आवाजात म्हणाले.

प्लंबरने जोर लावून पाहिला. कॅनव्हास वाकेना. तो पाण्याच्या घमेल्यापुढे इस्त्रीच्या फळीसारखा तिरका झाला. "मास्तर, मी रोज लोकांच्या बेसिनखाली आडवा होतो. या कोटात मला माझे गुडघे सापडत नाहीत."

सगळे खदखदले. मास्तर सोडून.

पाळकबाई जवळ येऊन हळू बोलल्या, "मास्तर, तुमची बाकीची गिऱ्हाइकं कोट घालून मोठी झाली. आपला प्रभू एकटाच तो काढून ठेवतो."

घरी मास्तर ताट सोडून कोटापाशी जाऊन बसले. बायकोने कात्री पुढ्यात आणून ठेवली. मास्तरांनी तेहतीस बटणं कापली, कॅनव्हास ओढून काढला आणि गळ्याशी एक नाडी लावली. ओढली की सुटेल अशी.

नाटकाच्या सकाळी प्लंबर दारात आला. हातात टॉवेल. "कमरेला बांधायचाय. काठ उसवलाय, तेवढा मारून देता?"

पाळकबाईंनी ती ओळ एकदाच गायली. नाडी सुटली, कोट जमिनीवर पडला, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मास्तरांनीसुद्धा नाही. त्यांची नजर टॉवेलवर. प्लंबर गुडघ्यांवर बसला, मेहुण्याचे पाय धुतले, बोटांच्या बेचक्यांतून खसाखसा पुसले.

"काठ टिकलाय गं," मास्तर शेजारी बसलेल्या बायकोला पुटपुटले.

"डोळ्यांना काय झालं?"

"घमेल्यातलं पाणी उडालं असेल."

"शेवटच्या बाकावर?" बायको म्हणाली, आणि तिने पदराचं टोक त्यांच्या हातात दिलं.