तुलनेचं रक्त

आमच्या प्रयोगशाळेत एक जुनी सवय आहे. तुलनेसाठी निरोगी माणसाचं रक्त हवं असलं, की आम्ही आपलीच बाही वर करतो. धातूवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या कारखान्यातल्या कामगारांची तपासणी आली, तेव्हाही तसंच केलं.

त्या मुलाम्यातलं कॅडमियम, म्हणजे एक विषारी धातू, शरीरात गेलं, की पेशी ते बांधून ठेवणारं प्रथिन बनवू लागतात. त्या प्रथिनाचं जनुक किती जोरात चालू आहे, हे रक्तातून मोजता येतं. माणसाला साधा खोकलाही नसतो, पण आत पेशींची धावपळ सुरू झालेली असते. संगणकाच्या पडद्यावर ते रंगात दिसतं, प्रत्येक माणसाची एक रांग: जोर जास्त तर लाल, नाही तर निळी. कामगारांच्या रांगा लाल, आमच्या निळ्या. आमच्यातली एक सोडून, माझी.

“नळ्यांची अदलाबदल झाली असेल,” सर म्हणाले. “पुन्हा काढ.”

मी पुन्हा माझं रक्त काढलं. लेबल स्वतः लावलं. पुन्हा लाल.

सर चष्मा पुसत राहिले. “तुझे मिस्टर त्याच कारखान्यात ना? मग तुला तुलनेच्या गटात घ्यायलाच नको होतं. काढून टाक तुझी रांग. फरक आणखी स्पष्ट दिसेल.”

नियमाने ते बरोबर होतं. पण मग अहवाल एवढंच म्हणणार होता, की विष कारखान्याच्या फाटकाच्या आत आहे.

“आणि कारखान्याच्या वसाहतीतली घरं, सर?”

“घरांबद्दल आपल्याला कुणी विचारलेलं नाही, बाई.”

आमचं घर त्या वसाहतीतच. नवरा संध्याकाळी कारखान्याच्या धुळीने भरलेली डांगरी काढून देतो, मी ती गॅलरीत झटकते आणि मग भिजवते. सासूबाई नेहमी म्हणतात, “किती जोरात झटकतेस गं! जणू सासूच सापडलीय हातात!” मुलगी खिदळते आणि दुसरं टोक धरते.

आज मी डांगरी झटकली नाही. पिशवीत कोंबून तोंड बांधलं आणि त्याला सगळं सांगितलं.

त्याने आधी खिडकी लावून घेतली. मग म्हणाला, “ज्याच्या बायकोचं रक्त अहवालात, त्यालाच आधी नारळ देतील. नोकरी गेली की घर गेलं. आईला घेऊन कुठे जायचं?”

“आणि गप्प बसले तर?”

“तर निदान घर राहील.”

“हेच घर?”

“मग काय, महाल आहे का दुसरा?” तो खेकसला.

 मुलीचं रक्त तपासलं आणि तिची रांग निळी आली तर गप्प बसता येईल, असं मनात येऊन गेलं. पण ती लाल आली तर? एकदा पाहिलेला रंग विसरता येत नाही.

ओरडणं ऐकून मुलगी आतून धावत आली. रोजच्यासारखे तिने बापापुढे हात वर केले. तो वाकला, आणि त्याचे हात मध्येच थांबले. त्याने आपल्या नखांत अडकलेल्या धुळीकडे पाहिलं.

“बाबा, घ्या ना!”

त्याने हात पाठीमागे नेले.

“एवढी मोठी घोडी झालीस, अजून उचलून काय घ्यायचं!” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

“उद्या हिचं रक्त घे,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

“आणि माझी रांग?”

“काढू नकोस.”

पिशवी अजून माझ्या हातात होती. गॅलरीत मुलीची सायकल होती, स्वयंपाकघरात पिण्याच्या पाण्याचं पिंप, दाराबाहेर शेजाऱ्यांच्या चपला. ती पिशवी कुठे ठेवावी, ते कळेना.