दोन अर्जदार

ही गेल्याचा फोन मला घड्याळजीने केला. मी तेव्हा वाईनची पिंपं धूत होतो. शेजारच्या राज्यातल्या कोर्टात, बाकावर बसल्या बसल्या गेली. शेजारी तो होता. मी नव्हतो.

खटला साधा होता. त्या राज्यात तिथल्या वाईनवाल्यांना गिऱ्हाइकाच्या घरी बाटल्या पाठवता येतात. सीमेच्या अलीकडच्या आम्हाला मात्र तिथल्या घाऊक व्यापाऱ्याकडूनच जावं लागतं, आणि तो आमच्यासारख्या लहान माणसाला दारात उभा करत नाही. वकीलबाई म्हणाल्या, विकणाऱ्याबरोबर तिकडचं एक गिऱ्हाईकही अर्जदार हवं. हिने घड्याळजीला धरलं. घड्याळं दुरुस्त करणारा, एकटा, आमच्या वाईनचा जुना भोक्ता. कचेरीची कटकट नको म्हणून परवाना मीच हिच्या नावावर घेतला होता. त्यामुळे अर्जावर हिचं नाव आणि खाली लगेच त्याचं. माझं कुठेच नाही. दर तारखेला ही इस्त्रीचे कपडे घालून निघायची, आणि माझ्या पोटात दुखायचं.

"तुम्हीही चला की," ती म्हणायची.

"मी येऊन काय करू? घड्याळाला किल्ली देऊ?"

ती हसायची आणि जायची.

काल वकीलबाई घड्याळजीला घेऊन आल्या. "काका, वारस म्हणून तुमचं नाव लागलं नाही, तर तुमच्याकडचा दावा संपला. एकट्या गिऱ्हाइकाचं कोर्ट किती ऐकेल, सांगता येत नाही."

म्हणजे हिचं नाव जाऊन तिथे माझं येणार. त्याच्या शेजारी.

वकीलबाई गाडीकडे गेल्यावर मी त्याला विचारलं, "शेवटचं काय बोलली?"

"वहिनी म्हणाल्या, ह्यांनी पिंपांची बुचं नीट बसवली असतील ना? मी म्हटलं, बसवली असतील. तर म्हणाल्या, तुम्ही ह्यांना ओळखत नाही."

मला हसू आलं. मग वाटलं, हेही त्याच्याच कानांवर पडलं.

जाताना तो म्हणाला, "भाऊ, सही करा. माझ्या बाटल्यांसाठी नाही. वहिनींचा फार जीव होता ह्यात."

"तिचा जीव कशात होता ते मला नका सांगू."

तो निघून गेला. मी पिंपं बघून आलो. एक बूच खरंच सैल होतं. ठोकून बसवलं.

सोमवारी तारीख आहे. वारसाचा अर्ज टेबलावर पडला आहे. सही व्हायची आहे.